आपली पाठ आपल्याला दिसत नाही

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन कुणी उन्हानं भाजून येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. भाजायला मे महिना लागतो, कऱ्हाडच्या स्टँडवर दुपारी दोनला एसटीची वाट बघत उभं राहायला लागतं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. आणि कास म्हणजे धुकं, भुरभुर, अंगावर काटा आणणारा वारा. तिथं ऊन आहे हे ध्यानातच येत नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे.

लग्नाला सात महिने झालेले. नवरा नोकरीसाठी बाहेरगावी, साताऱ्याच्या घरात मी आणि सासूबाई दोघीच. सप्टेंबर अर्धा सरला होता, मी काम करते त्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या रविवारी कासला जाऊया, फुलं आलीयत, आता चुकलं तर डायरेक्ट पुढच्या वर्षी. दोन स्कूटींवर चौघी निघालो. यवतेश्वरचा घाट चढताना तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, नख दिसत नव्हतं कुणाचं. आणि वर पोचल्यावर गार हवा लागली म्हणून ते सगळं काढून डिकीत टाकलं. म्हणजे जिथं तासभराचं ऊन होतं तिथं अंग झाकलं आणि जिथं चार-पाच तास काढायचे होते तिथं उघडं टाकलं. माझा कुर्ता बिनबाह्यांचा, मागून खोल गळ्याचा, केस वर बांधलेले.

कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. खाली सगळा जांभा, वर बोटभर माती, त्यामुळं सड्यावर, म्हणजे या उघड्या कातळावर, मोठं झाड धरतच नाही, आणि झाड नाही म्हणूनच तर ती इवली इवली फुलं तिथं राज्य करतात. २०१२ ला पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला त्यात हे पठारपण आहे. तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीचा पिवळा, गेंदाची पांढरी बटणं आणि मधूनच सीतेची आसवं, जांभळी, एवढीशी, नाव इतकं हळवं पण मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यात ती किडे पकडून खाते. ती नीट बघायची तर उकिडवं बसायला लागतं, पार वाकायला लागतं. आणि वाकलं की पाठ सरळ आभाळाकडे. मी किती वेळ तशी वाकून होते कुणास ठाऊक. सावलीला जाऊ म्हटलं तरी सावली कुठाय सड्यावर.

ढग होते. यायचे, विरायचे, परत यायचे, आणि ढग आहेत म्हणजे ऊन नाही असं आपण धरूनच चालतो. हे मला नंतर कळलं की पातळ ढगातून अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत खाली येतात, आणि दर १००० मीटर उंचीला ती साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आणि मुख्य म्हणजे चटका वेगळा आणि भाजणं वेगळं. चटका बसतो तो उन्हातल्या उष्णतेचा, कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ही किरणं अंगाला जाणवतच नाहीत. वारा येतो, उष्णता उडवून नेतो, आपल्याला वाटतं छान गार आहे. विहिरीत तासन् तास पोहणाऱ्या पोरांचे खांदे असेच भाजतात, पाण्यात असतात म्हणून त्यांना पत्ताच नसतो.

चारला घरी आले तेव्हा मी एकदम मजेत होते. कातडी जराशी ताणल्यासारखी वाटत होती बस्. चहा केला, आईंना फोटो दाखवले (मी सासूबाईंना आईच म्हणते), त्या म्हणाल्या किती वर्षं झाली मी गेले नाही वर. सातच्या सुमाराला अंघोळीला गेले, कोमट पाण्याचा पहिला तांब्या पाठीवर ओतला आणि तोंडातून आवाजच फुटेना. उकळतं पाणी ओतल्यासारखं. हात लावून गीझरचं पाणी तपासलं, कोमटच होतं.

सांगितलं नाही मी. आज त्याचं वाईट वाटतं पण तेव्हा सांगवलं नाही. सात महिन्यांत आमच्यात भांडण असं एकदाही झालं नव्हतं, पण दोघी एकमेकींशी पाहुण्यासारखं वागायचो. त्या मला "तू दमली असशील, राहू दे" म्हणायच्या, मी त्यांना "तुम्ही बसा, मी करते" म्हणायचे. अशा माणसाला जाऊन म्हणायचं कसं की आई माझी पाठ बघा. जेवले कशीबशी दोन घास, खोलीचं दार लावलं आणि पालथी पडून राहिले. चादर सहन होईना, पंखा लावला की थंडी वाजायची, बंद केला की आग. आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणतात ते किती खरं, आरशात मान वळवून वळवून बघितलं तर काही धड दिसलं पण नाही, आणि हात तर पोचतच नाही.

अकराच्या पुढं पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर आई जाग्याच होत्या. "झोप येईना व्हय?" म्हणत त्यांनी सहज खांद्यावर हात ठेवला आणि मी कळवळले.

"बघू."

"काही नाही आई, जरा ऊन लागलंय."

"ऊन लागलं की डोकं चढतं, ओकारी येती. हे ऊन लागलेलं न्हाई. मागं फिर, बघू."

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्याकडं या गोष्टीला धड शब्दच नाही. ऊन लागणं म्हणजे आजारपण, उष्माघाताच्या वाटेवरचं. रापणं म्हणजे नुसता रंग बदलणं, ते तर शेतात राबणाऱ्याचं भूषणच. पण उन्हानं कातडी खरोखर भाजते, तव्याचा चटका बसावा तशी, त्याला आपण सनबर्नच म्हणतो, आणि वर असंही धरून चालतो की ते गोऱ्या लोकांना होतं, आपल्याला कुठलं. सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं, त्यानं थोडं राखलं जातं हे खरं, पण थोडंच. आमचं भाजलेलं लाल दिसत नाही एवढाच फरक. माझी पाठ ट्यूबच्या उजेडात नुसती जरा काळपट दिसत होती म्हणे. आईंनी डोळ्यावर भरवसा ठेवलाच नाही, हाताची पालथी बाजू लावून बघितली, पोरांचा ताप बघतात तशी. कुर्त्याच्या गळ्याच्या आत आणि बाहेर. "हितं गार हाय आणि हितं तवा," म्हणाल्या.

आणि लगेच हळदीचा डबा काढला. साय आणि हळद, कालवून लावते, सकाळपर्यंत उतरंल.

इथं आईंच्या माहेराबद्दल सांगायला पाहिजे. त्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या. तिथं कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि तिथली हळदीची पेवं अख्ख्या बाजाराला माहीत, जमिनीत खोल खणलेली, वर तोंड बारीक आणि आत ऐसपैस, हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं जशीच्या तशी. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, त्याबद्दल त्या अजून एखादं माणूस गेल्यासारखं बोलतात. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा म्हणे त्यांनी पेपर कापून ठेवला होता. कापलं हळद, खोकला हळद, नवरीला हळद, अशा घरातलं माणूस रात्री अकरा वाजता प्रेमानं वाटी घेऊन उभं आहे आणि त्याला नको म्हणायचं. माझ्याच्यानं ते झालं नसतं. मी ताईला फोन लावला.

माझी ताई कऱ्हाडला नर्स आहे. तिनं फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि पहिलं विचारलं, मोठे फोड आलेत का, ताप आहे का, चक्कर, उलटी, बरळणं असलं काही? नाही म्हटल्यावर मग आईंना म्हणाली, "मावशी, हळद दुधातनं द्या तिला पाहिजे तेवढी, पाठीवर नको. आत्ता कातडी तापलेली आहे, सुजलेली आहे, त्यावर पूड बसली की चोळताना पण त्रास आणि उद्या धुताना त्याहून त्रास. आणि समजा सकाळी डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर त्या पिवळ्या पाठीत त्याला काय दिसणार?" हा शेवटचा मुद्दा आईंना एकदम पटला. डबा बंद झाला. "मग काय करू सांग." ताई म्हणाली, पाणी. नळाचं साधं गार पाणी, त्यात भिजवलेलं मऊ सुती फडकं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, काढायचं, परत. बर्फ अजिबात नको, भाजलेल्या कातडीला बर्फानं वर आणखी एक इजा होते. तूप-तेलपण आत्ता नको, आतली आग आतच कोंडते.

मग गोळीचं. जेवली आहेस का, ॲसिडिटीचा त्रास, किडनीचं काही, असं विचारत विचारत "आणि दिवस गेलेले नाहीत ना?" स्पीकरवर. आईंनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, त्या काही बोलल्या नाहीत, उठून वरण-भात गरम करायला लागल्या, कारण आयब्युप्रोफेन ही दुखण्या-सुजेवरची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. दिवस गेलेले असते तर ती चालली नसती, ज्यांना ती चालत नाही त्यांना डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात.

फडकं कुठलं घ्यायचं? टर्किशचा टॉवेल खरखरीत, ओढण्या सगळ्या सिंथेटिक. आईंनी ट्रंक उघडली आणि सासऱ्यांचं धोतर काढलं. ते जाऊन सहा वर्षं झाली होती, मी त्यांना फोटोतच बघितलेलं. धुऊन धुऊन साय झालेलं कापड. मी म्हटलं आई हे नको, दुसरं बघू. त्यांनी दातानं कड तोडली आणि टर्रकन फाडलं, तीन तुकडे केले.

पहिलं फडकं पाठीवर पडलं तेव्हाचं मला शब्दात सांगता येणार नाही. अंगभर शहारा आला, मग एकदम कुणीतरी आवाज बंद केल्यासारखी शांतता. पाच-सात मिनिटांत फडकं गरम व्हायचं, खरोखर गरम, त्या काढून माझ्या गालाला लावून दाखवायच्या. बुडवायचं, हलकं पिळायचं, परत. दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं ठेवायचं. मध्येच पाणी प्यायला लावायच्या, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी दिलं, कारण भाजलेल्या जागेकडं अंगातलं पाणी ओढलं जातं आणि मी दिवसभर वर वाऱ्यात अर्धी बाटली पण प्यायले नव्हते. रात्रीचे दोन वाजेपर्यंत त्या बसून होत्या. आमच्या पेठेत कासच्या तलावाचं पाणी येतं. म्हणजे ज्या डोंगरावर मी भाजले त्याच डोंगरावरनं उतरून आलेलं पाणी त्या बादलीत होतं. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग बरोबर हाय, त्येनंच निस्तरायचं."

दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं. हे माहीत नसेल तर माणूस घाबरतं, वाटतं उपचार चुकला. पण भाजल्यावर पहिले तीन-चार तास फारसं काही कळत नाही आणि बारा ते चोवीस तासांत ते टोकाला जातं. किरणांनी पेशीतला डीएनएच बिघडतो, बिघडलेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती ऊब, सूज, ठणका. ती गोळी नेमकं हे रसायन बनणं थोपवते म्हणून लवकर घेतली तर उपयोग. झालेलं नुकसान मात्र कुठलीच गोळी, कुठलंच मलम मागं फिरवत नाही, कातडी आपली आपण आवरते, आपण फक्त तिला त्रास द्यायचा नाही.

शाळेला सुट्टी टाकली आणि आळीत बातमी पसरली. दुपारपर्यंत तीन जणी येऊन गेल्या. सगळ्यांनी जीव तोडूनच सांगितलं, पण जे मला चुकीचं वाटतं ते सांगतेच. टूथपेस्ट लावू नका, गार वाटते ती पुदिन्याच्या अर्कामुळं, पण भाजलेल्या कातडीला ती आणखी चिडवते. लिंबू तर अजिबातच नको, लिंबाचा रस लागलेल्या अंगावर परत ऊन पडलं तर त्यानंच वेगळे फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. दह्याचं म्हणाल तर फ्रिजमधलं दही लावल्यावर बरं वाटतं हे मी नाकारत नाही, पण वाळलं की ओढतं, वास येतो, आणि फोड किंवा सोललेली जागा असेल तर दही-बटाटा असलं कच्चं काहीच लावू नये, जंतू जायला वाट मिळते. ताक प्या की त्यापेक्षा.

कोरफड मात्र लावली. मागच्या दारी कुंडीत होतीच. तिच्यात एक मेख आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, पान कापलं की सालीलगतनं पिवळा चीक येतो, तो अंगाला खाजतो. म्हणून पान कापून पंधरा मिनिटं वाटीत उभं करून ठेवायचं, चीक सगळा निथळू द्यायचा, मग साल काढून आतला पारदर्शक गर धुऊन घ्यायचा. तोसुद्धा आधी मनगटाच्या आत थोडा लावून बघायचा, काहींना कोरफडच सोसत नाही. आणि न फुटलेल्या, न सोललेल्या कातडीवरच लावायचा. ज्यांच्याकडं झाड नाही त्यांनी कॅलामाइन लोशन नाहीतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणावं, अंग टिपून ओलसर असतानाच लावावं, तेवढं पुरतं. साबण, घासणी, उटणं आठवडाभर विसरायचं.

उजव्या खांद्यावर मुगाएवढे दोन फोड आले होते. ते फोडले नाहीत. फोडाखाली नवीन कातडी तयार होत असते, वरचा पापुद्रा म्हणजे तिची पट्टी, आणि त्याच्याइतकी स्वच्छ पट्टी बाजारात मिळत नाही. फोड मोठे असते, पाठभर असते, ताप-थंडी आली असती, चक्कर, उलटी, पू दिसला असता तर मी एक तासपण घरी थांबले नसते, आणि लहान बाळ असेल तर यातलं काही व्हायची वाट बघूच नये, सरळ दवाखाना.

त्या तीन दिवसांत माझ्या पाठीला दिवसातून चार-पाच वेळा आईंचा हात लागत होता. फडकं, गर, फडकं. पालथं पडून बोलताना एकमेकींचं तोंड दिसत नाही, त्यामुळं बोलणं सोपं जातं असं मला वाटतं. त्यांनी मला हरिपूरचं सांगितलं, लग्न होऊन साताऱ्यात आल्या तेव्हा वर्षभर संगमाची आठवण काढून रडायच्या ते सांगितलं. सासरे गेले तेव्हाचं सांगितलं. मी पण बरंच काही सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

चौथ्या दिवशी आग पूर्ण गेली आणि खाज सुरू झाली, मग पापुद्रे. वाईट बिघडलेल्या पेशी स्वतःच मरतात आणि अंग त्यांना टाकून देतं, ते हे सोलणं. ओढायचा मोह भयंकर होतो. तेव्हा आई म्हणाल्या, आता विचार तुझ्या ताईला, तूप चालतंय का. ताई म्हणाली आता आग नाही ना, जखम नाही ना, मग चालेल. आईंचा चेहरा असा खुलला. त्यांनी देवघराशेजारची तांब्याची परात काढली, त्यात घरचं साजूक तूप घेतलं, गार पाणी घातलं आणि तांब्याच्या बुडानं गोल गोल घोटायला लागल्या. घोटायचं, पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा, शतधौत घृत म्हणतात ते. त्यांची आजी करायची, उन्हाळ्यात पायांची आग व्हायला लागली की. पिवळं रवाळ तूप वीस-पंचवीस धुण्यांत पांढरं पडायला लागतं, नंतर नंतर तर पाणी धरून इतकं हलकं फुलतं की क्रीमच, तुपाचा वासपण राहत नाही. मी पाणी घालायचे, त्या घोटायच्या, हात दुखला की उलट. बहात्तर का त्र्याहत्तर यावर आमचं चक्क भांडण झालं. सात महिन्यांतलं पहिलं. त्या म्हणाल्या त्र्याहत्तर, मी म्हणाले बहात्तर, आणि दोघी पण मागं हटेना.

कोरड्या पाठीला ते फार छान लागलं. खाज थांबली, पापुद्रे आपले आपण पडले, पंधरा दिवसांत कुर्त्याच्या गळ्याचा नुसता एक गडद आकार राहिला. तो जायला दिवाळी उलटली.

त्याच्या आधी, ऑक्टोबर लागता लागता, मी आईंना कासला घेऊन गेले. सकाळी लवकर निघालो, अकराला खाली उतरायचं ठरवूनच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन जोराचं, एवढी साधी खूण ताईनं सांगितलेली, तिला घड्याळ लागत नाही. मी पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा सुती कुर्ता घातला, मानेला आणि हाताला सनस्क्रीन, दोन तासांनी परत लावायला पर्समध्ये ट्यूब. आईंना सीतेची आसवं बघायची होती, फुलं ओसरत आली होती तरी एका ओलसर खळग्यात थोडी सापडली. मी उकिडवी बसून त्यांना दाखवायला वाकले. त्या खाली बसल्याच नाहीत, काळी छत्री घेऊन माझ्यामागं उभ्या राहिल्या. म्हटलं, आई वाका की, अशानं काय दिसणार तुम्हाला.

"तू सांग कशी हाईत ती," म्हणाल्या. छत्री हलली नाही.